ओळ संपू दे, मग वाजव

तमिळ सिनेमे आवडीनं बघणाऱ्या एका मराठी रसिकानं विचारलंय: "तमिळमध्ये ठराविक विनोदी नट आणि ठराविक संगीतकार वर्षानुवर्षं एकत्र दिसतात. नागेश आणि एम. एस. विश्वनाथन, कवुंडमणी आणि इळैयराजा, अलीकडे शिवकार्तिकेयन आणि अनिरुद्ध. या जोड्या मुद्दाम जमवतात का? आणि विनोदी नट समोर असला की संगीतकार वेगळं असं करतो तरी काय?"

मी मूळचा ढोलकीवाला. घरात तमाशाची ढोलकी होती. पुढं चेन्नईला गेलो आणि वीसेक वर्षं 'आरआर'ला तालवाद्यं वाजवली, नंतर तालाचं प्रोग्रॅमिंग केलं. आरआर म्हणजे री-रेकॉर्डिंग. आपण ज्याला पार्श्वसंगीत म्हणतो, त्याला कोडंबाक्कम-वडपळनीत, म्हणजे चेन्नईच्या सिनेवस्तीत, सगळे आरआरच म्हणतात. तेव्हा हे उत्तर वाद्यामागं बसून, समोरच्या पडद्यावर तोच विनोद दिवसात वीस वेळा बघितलेल्या माणसाचं आहे, एवढं धरून वाचा. विसाव्या वेळी हसू येत नाही, पण विनोद कुठं श्वास घेतो ते कळायला लागतं.

जोड्या कोण जमवतं, ते आधी. बहुतेक वेळा संगीतकारही जमवत नाही आणि नटही नाही. दिग्दर्शक जमवतो, नाहीतर स्टुडिओ. विनोदी नट चंद्रबाबू आणि संगीतकार आर. सुदर्शनम ही जोडी घ्या. 'पेण' (१९५४), 'सहोदरी' (१९५९), 'अन्नै' (१९६२) अशी तिची यादी दिसते आणि वाटतं, केवढा हा स्नेह! कारण अगदी साधं आहे. तिन्ही सिनेमे एव्हीएम या स्टुडिओचे आणि सुदर्शनम हे एव्हीएमचे घरचे संगीतकार. 'सहोदरी' तर जवळजवळ पुरा झाला होता. तो फिका वाटला म्हणून चंद्रबाबूला दूधवाल्याच्या भूमिकेत नंतर घुसवलं आणि 'नान ओरु मुट्टाळुंग' हे गाणं त्याला दिलं. मुट्टाळ म्हणजे मूर्ख, 'मी एक मूर्ख आहे हो'. सिनेमा तरला, आणि आज त्यातलं हेच गाणं लोकांच्या तोंडी आहे.

कवुंडमणी आणि इळैयराजा यांचंही तसंच. ऐंशीच्या दशकात इळैयराजा वर्षाला डझनांनी सिनेमे करत होते. त्या काळात ज्याला काम होतं असा कुठलाही विनोदी नट 'त्यांचा' वाटेल, कारण सगळा सिनेमाच त्यांचा होता. आकडे मोजून जोडी सिद्ध करायला निघालात तर हाती फक्त वेळापत्रक लागेल.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो मला फार आवडतो. विनोदी नट स्वतः सिनेमा करायला लागला की संगीतकार तो निवडतो. 'कलैवाणर' एन. एस. कृष्णन यांनी १९५२ साली 'पणम' दिग्दर्शित केला. त्यांच्या सिनेमांना संगीत देणारे सी. आर. सुब्बरामन त्याच वर्षी ऐन तरुणपणी गेले होते. सुब्बरामन यांच्या हाताखाली दोन पोरं होती, हार्मोनियमवाले विश्वनाथन आणि व्हायोलिनवाले राममूर्ती. 'पणम' त्यांना मिळाला आणि विश्वनाथन-राममूर्ती हे नाव तिथून सुरू झालं. पुढची तेरा वर्षं तमिळ सिनेमाचं संगीत म्हणजे मुख्यतः हे दोघे. त्या पहिल्याच सिनेमात कृष्णन यांनी स्वतः गायलेलं 'एंगे तेडुवेन' आहे: पैसा, तुला मी शोधू तरी कुठं?

आपल्याकडची उदाहरणं आठवा. मेहमूदनं 'छोटे नवाब'मधून (१९६१) राहुलदेव बर्मनना पहिली संधी दिली. दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'नं (१९७५) राम-लक्ष्मण ही जोडी आणली. हसवणाऱ्या माणसाचा कान तालाला पक्का असतो आणि नावाला तो घाबरत नाही, असं मला वाटतं. हे माझं मत, पण तीन भाषांतली तीन उदाहरणं हाताशी आहेत.

कृष्णन यांच्यापाशी थोडं थांबू, कारण पुढचं सगळं त्यांच्यात बीजरूपानं आहे. ते नागरकोईलचे. विल्लुपाट्टू म्हणजे धनुष्याच्या दोरीवर काठ्या मारत कथा सांगण्याच्या परंपरेतले, आणि टी.के.एस. बंधूंच्या नाटक मंडळीत तयार झालेले. 'नल्लतंबी' (१९४९) या सिनेमात त्यांचं 'किंदनार' नावाचं कथाकालक्षेप, म्हणजे कीर्तनासारखं कथागायन, आहे. नंदनार या दलित शिवभक्ताचं चरित्र तमिळ घरांत कीर्तनातून पिढ्यान् पिढ्या ऐकलं गेलं. नंदन चिदंबरमला जाण्यासाठी तळमळतो; कृष्णन यांचा किंदन शाळेत जाण्यासाठी तळमळतो. शब्द उडुमलै नारायण कवींचे, संगीत सुब्बरामन यांचं. विडंबन आहे, पण मूळ कथेची टिंगल कुठंच नाही. आणि गंमत अशी, की हा कथाकालक्षेप प्रकार एकोणिसाव्या शतकात तंजावरात मराठी कीर्तनाच्या वळणावर घडला. त्यातल्या साकी आणि दिंडी आपल्याच. मी पहिल्यांदा 'किंदनार' ऐकलं तेव्हा तमिळ धड कळत नव्हतं, तरी बुवा आता चाल बदलणार हे मांडीवरच्या हाताला आधी कळलं.

इथं संगीतकाराचं काम काय होतं? कृष्णन यांचा गळा काही गवयाचा नव्हता. बोलता बोलता ते गाण्यात शिरायचे आणि गाता गाता बोलण्यात उतरायचे. अशा माणसाला पेटीवर अवघड चाल बांधून देणं म्हणजे त्याचे पाय बांधणं. 'राजा राणी'त (१९५६) टी. आर. पाप्पा यांच्या संगीतात त्यांचं हसण्यावरचं गाणं आहे, 'सिरिप्पु'. त्यात ते हसण्याचे नाना प्रकार हसून दाखवतात. चाल अशी, की हसू तालातून सुटलं तरी परत यायला समेवर दार उघडंच. ढोलकीवाल्याला हे लगेच ओळखू येतं. बतावणीत सोंगाड्या कुठंही भरकटो, आपण ठेका धरून बसायचं. तो परत येतोच.

चंद्रबाबूची गोष्ट उलटी. तो थूथुकुडीचा, पाश्चात्त्य गाण्यांवर वाढलेला, नाचरा, आणि गळा खरोखर गायकाचा. यॉडलिंग करायचा. किशोरकुमार डोळ्यांपुढं आणा, म्हणजे अंदाज येईल. फक्त चंद्रबाबूच्या आवाजात एक बारीक दुखरी धार आहे. त्याचं आणि विश्वनाथन यांचं खरंच मैत्र होतं. म्हणजे वर म्हटलेल्या वेळापत्रकाच्या पलीकडचं काहीतरी इथं होतं. 'पुदैयल'मधलं (१९५७) 'उनक्काग एल्लाम उनक्काग' ऐका, शब्द पट्टुक्कोट्टै कल्याणसुंदरम यांचे. सगळं तुझ्यासाठी, म्हणत नायिकेमागं लागलेल्या माणसाचं गाणं. चाल उड्या मारत जाते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्याच्या अंगविक्षेपाला दोन मात्रा मोकळ्या. ती जागा नाचासाठी ठेवलेली आहे. नुसतं ऐकलं तरी माणूस तिथं काहीतरी करतोय हे जाणवतं. 'मरगदम'मधलं (१९५९) 'कुंगुमप्पूवे' एस. एम. सुब्बय्या नायडूंचं, जमुना राणींबरोबरचं. तेही याच जातीचं.

आणि १९६० साली 'कवलै इल्लाद मनिदन' आला. नावाचा अर्थ 'चिंता नसलेला माणूस', निर्माते कवी कण्णदासन, नायक चंद्रबाबू, संगीत विश्वनाथन-राममूर्ती. त्यात 'पिरक्कुंबोदुम अळुगिंड्राय' आहे: जन्मताना रडतोस, मरतानाही रडतोस. विनोदी नटाला संगीतकार इतकं संथ, इतकं गंभीर गाणं देतो तेव्हा त्यानं त्या गळ्याचा तळ बघितलेला असतो. उसनवारीच्या ओळखीवर हे होत नाही.

मग नागेश येतो आणि एक अडचण घेऊन येतो. तो स्वतः गात नाही. ए. एल. राघवन यांचा खट्याळ आवाज त्याला बरेचदा मिळाला, टी. एम. सौंदरराजनही गायले. आता पंचाईत बघा. सौंदरराजन म्हणजे एमजीआर आणि शिवाजी गणेशन या बड्या नायकांचा आवाज. तोच आवाज या काटकुळ्या माणसाच्या तोंडून आला की प्रेक्षक फसवणूक मानणार. 'सर्व्हर सुंदरम'मध्ये (१९६४) यावर काढलेला तोडगा मला अजून चकित करतो. नागेश हॉटेलातला वाढपी, सिनेमात जाऊन नट होतो. 'अवळुक्केन्न' या गाण्यात कॅमेरा सरळ रेकॉर्डिंगच्या खोलीतच जातो. तिथं खुद्द विश्वनाथन हात हलवत वाद्यवृंद चालवतायत, सौंदरराजन आणि एल. आर. ईश्वरी माइकपुढं गातायत, आणि तिकडं चित्रीकरणात नागेश नाचतोय. आवाज उसना आहे हे लपवायचं सोडून त्यांनी तेच गाण्याचं दृश्य केलं. संगीतकार आणि विनोदी नट एकाच गाण्यात, दोघंही आपापल्या कामावर.

त्याच वर्षीचा दिग्दर्शक श्रीधर यांचा 'कादलिक्क नेरमिल्लै'. यातली एक जागा मराठी प्रेक्षकांच्या ओळखीची आहे, फक्त ती ओळख हिंदीतून झालेली. 'प्यार किये जा'मध्ये (१९६६) मेहमूद ओम प्रकाशला भुताच्या सिनेमाची गोष्ट सांगतो ना, तो प्रसंग. तमिळमध्ये तो नागेश आणि टी. एस. बालय्या यांचा. नागेश सिनेमा काढायच्या वेडानं पछाडलेला मुलगा, बालय्या त्याचा पैसेवाला बाप. दाराची करकर, पावलं, सगळं नागेश तोंडानं वाजवतो आणि बालय्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत जातो. विश्वनाथन-राममूर्तींच्या त्या सिनेमातलं एकेक गाणं अजून वाजतं, पण या प्रसंगात वाद्यवृंदाला कामच उरत नाही. पार्श्वसंगीत नटानं स्वतःच्या तोंडात घेतलंय. आरआरला बसणाऱ्या नव्या पोरांना मी हा प्रसंग दाखवायचो. कुठं वाजवायचं हे कुणीही सांगेल; कुठं बोटं आवरायची हे इथं दिसतं.

१९६७ च्या 'अनुभवी राजा अनुभवी'त नागेशची दुहेरी भूमिका आहे, दिग्दर्शक के. बालचंदर, संगीत एकट्या विश्वनाथन यांचं. १९६५ साली जोडी फुटली होती. त्यातलं 'मुत्तुक्कुळिक्क वारीगळा' म्हणजे 'मोती काढायला येताय का?' थूथुकुडीच्या मोतीवाल्या किनाऱ्याची बोली, सौंदरराजन आणि ईश्वरी यांचे आवाज. हेच पुढं 'दो फूल'मध्ये (१९७३) 'मुत्तु कोडी कवाडी हडा' होऊन आलं आणि गणपतीच्या मांडवांपर्यंत पोचलं. चाल तीच, शब्दांचा मात्र चेंदामेंदा. लहानपणी मी हे गाणं निरर्थक बडबड म्हणून वाजवलंय. थूथुकुडीला पहिल्यांदा गेलो तेव्हा बंदराजवळ चहाच्या टपरीवर मूळ गाणं लागलं होतं आणि मला अर्थ लागला. नागेशच्या गाण्याची गंमत त्या एका गावच्या बोलण्यात होती. ती बोली काढून घेतली तरी उरलेल्या चालीवर सबंध हिंदुस्थान नाचला, यावरून विश्वनाथन यांनी काय बांधून ठेवलं होतं बघा.

नागेशची दुसरी जोडी कमी बोलली जाते, व्ही. कुमार यांच्याबरोबरची. कुमार बालचंदरांच्या नाटकांना संगीत देत. बालचंदरांनी पहिला सिनेमा केला 'नीर्कुमिळी' (१९६५), तो कुमार यांचाही पहिला, आणि नायक नागेश. नीर्कुमिळी म्हणजे पाण्याचा बुडबुडा. रुग्णालयात मरणाची वाट बघत असलेला आणि सगळ्यांना हसवणारा माणूस. सिरकाळी गोविंदराजन यांच्या त्या घणाघाती आवाजात 'आडि अडंगुम वाळ्कैयडा' येतं: नाचून शेवटी शांत होणारं हे आयुष्य, सहा फूट जमीन तेवढी आपली. नंतर 'एदिर नीच्चल' (१९६८): चाळीसारख्या वाड्यात सगळ्यांची हरकामं करून शिकणारा अनाथ मादू. इथंही कुमार. नाटकाच्या तालमीत रोज संध्याकाळी तीच माणसं समोरासमोर बसत असली की संगीतकाराला नटाचं मौनही पाठ होतं. सिनेमाच्या धावपळीत ती चैन कुणाला मिळते?

मधला काळ पटकन ओलांडतो. मनोरमा, चो, सुरुळीराजन, तेंगाय श्रीनिवासन या हसवणाऱ्या कलाकारांवर प्रत्येकी एक उत्तर लिहावं लागेल. मनोरमा स्वतः छान गायच्या, एवढंच इथं.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. सत्तरच्या दशकाच्या शेवटी विनोदी नटाचं गाणं हळूहळू कमी झालं आणि विनोद संवादात शिरला. ऐंशीच्या दशकात तर 'कॉमेडी ट्रॅक' हा वेगळा जिन्नस झाला. ए. वीरप्पन यांच्यासारखे लेखक तो वेगळा लिहायचे, कवुंडमणी आणि त्यांचा जोडीदार सेंथिल यांच्या तारखांनुसार तो वेगळा चित्रित व्हायचा आणि मग मुख्य कथेत जोडला जायचा. गाण्यांच्या बैठकीत त्याचा पत्ता नसायचा. संगीतकाराची आणि विनोदी नटाची गाठ पडायची ती थेट आरआरला, म्हणजे नट घरी गेल्यावर.

कवुंडमणींचा आवाज ओळखीचा नसेल तर आधी तो ऐका. 'पदिनारु वयदिनिले'मध्ये (१९७७) 'पत्त वच्चुट्टिये परट्टै' म्हणजे 'काडी लावलीस की रे परट्टै' एवढ्या एका ओळीवर तो माणूस सबंध तमिळनाडूला पाठ झाला. संगीत इळैयराजांचंच. मग 'वैदेगी कात्तिरुंदाळ' (१९८४), त्यात सायकलच्या दुकानात पेट्रोमॅक्स भाड्यानं देणारा 'ऑल इन ऑल' अळगुराजा आणि त्याच्या बत्तीचं जाळीदार मँटल मोडणारा सेंथिल. मग 'करगाट्टक्कारन' (१९८९), दिग्दर्शक इळैयराजांचे भाऊ गंगै अमरन. सेंथिलला रुपयात दोन केळी आणायला सांगितली, एकच आलं, दुसरं कुठं? "ते दुसरंच तर हे, अण्णे!"

कवुंडमणी बोलतात ते भुंकल्यासारखं. वरच्या पट्टीत, सलग, मध्ये फट न ठेवता. अशा आवाजाखाली क्लॅरिनेट किंवा व्हायोलिनं वरच्या सुरांत ठेवली तर दोघांची मारामारी होते आणि शब्द मरतो. म्हणून तिथं खालचं काहीतरी लागतं. बासून हे खर्जातलं फुंकवाद्य, डबल बासची बोटानं छेडलेली तार, तोंडात धरून वाजवायच्या मोर्सिंगची गुणगुण, तविल या दक्षिणी ढोलावर एखादी थाप. सेंथिल उलटा, मऊ आणि लांबण लावणारा. तो बोलत असताना वर थोडी बासरी खपते. एकाच प्रसंगात दोघं असले की वाद्यांची पट्टी ओळीओळीला बदलते. हे लिहिताना फार शास्त्रीय वाटतं. प्रत्यक्षात रील लावली, दोनदा बघितली, लिहिलं, वाजवलं, पुढची रील. इळैयराजा सरळ पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहितात, वादकापुढं कागद येतो आणि कागदावर विराम असतो. त्या विरामात वाजवायची टाप नसते कुणाची.

'करगाट्टक्कारन'मधली मंडळी करगाट्टमची, म्हणजे डोक्यावर घडा घेऊन करायच्या लोकनृत्याची, आहेत आणि करगाट्टमच्या साथीला जे वाद्यमेळ असतं त्याला नैयांडी मेळम म्हणतात. नैयांडी म्हणजे चेष्टा, खोड. टिंगल आणि वाद्य तिथं शब्दातच एकत्र आहेत. आमच्याकडं सोंगाड्या आणि ढोलकी यांचं जे नातं, तेच. आमचे वस्ताद एकच सांगायचे: "ओळ संपू दे, मग वाजव." चेन्नईत हेच मला वेगळ्या भाषेत पुन्हा शिकावं लागलं, आणि तेही तोंडावर पडून.

गोष्ट अशी. एका सिनेमाचं आरआर डबिंगच्या आधी करायची वेळ आली, कारण तारीख जवळ होती. आम्ही चित्रीकरणाच्या वेळच्या कच्च्या आवाजावर काम केलं. विनोदी नटाची ओळ संपते, तो पाठमोरा वळतो, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा येतो. ओळीनंतर बारा फ्रेम सोडून, म्हणजे अर्ध्या सेकंदानं, मी घटमवर एक मोकळा ठोका टाकला. अगदी समोरच्याचे डोळे विस्फारतात तिथंच. सगळे खूश. आठवड्यानं नट डबिंगला आला. पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत, त्यामुळं तमिळमधले हे पक्के गडी तिथं हटकून काहीतरी घुसवतात. त्यानं तीन शब्द वाढवले, आणि ते तीन शब्द मूळ ओळीपेक्षा भारी होते. मिक्सिंगला ऐकलं तर माझा ठोका नेमका तिसऱ्या शब्दाच्या डोक्यावर! ठोका काढला तर समोरच्याची प्रतिक्रिया बोडकी, ठेवला तर शब्द गायब. शेवटी ठोका गेला. चित्रपटगृहात तिथं एवढा हशा पडला, की त्यानंतर काहीही वाजलं असतं तरी ऐकू आलं नसतं. तेव्हापासून पाठमोरा शॉट दिसला की मी हात मांडीवर ठेवतो.

यातच जोड्यांचं खरं उत्तर आहे. चार सिनेमे एकाच नटाबरोबर केले की संगीतकाराच्या खोलीत ही माहिती साठते. हा पाठमोरा झाला की भर घालतो. हा ओळ संपवून नाक ओढतो, तेवढी जागा सोडा. याचा हशा दोन लाटांत येतो. दिग्दर्शकाला वेळेचा भरवसा हवा असतो, म्हणून तो तीच माणसं पुन्हा बोलावतो. वरून दिसते ती मैत्री. आत अशी साठलेली टिपणं असतात.

वडिवेलू या सगळ्याला पुरून उरतात, कारण ते मदुरैचे आणि अंगात गाणं. प्रसंगाच्या मध्येच जुन्या गाण्याची एखादी ओळ गुणगुणतील आणि त्या ओळीचा सूर तुमच्या पार्श्वसंगीताशी जुळणार नाही. मग तुम्ही बदला, ते बदलत नाहीत. 'इम्सै अरसन २३आम पुलिकेसी' (२००६) हा त्यांचा नायक म्हणून मोठा सिनेमा, संगीत सबेश-मुरली यांचं. हे संगीतकार देवा यांचे भाऊ, आरआरमध्ये मुरलेले. राजेशाही कर्णे-नगारे आणि खाली वडिवेलूंचं कुरकुरणं, यात कर्ण्याला कधी गप्प करायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांनी 'इंदिरलोगत्तिल ना अळगप्पन'लाही तेच.

तुम्हाला घरबसल्या एक प्रयोग करता येईल. दिग्दर्शक सिद्दीक यांचा 'फ्रेंड्स' आधी मल्याळममध्ये आला (१९९९), मग तमिळमध्ये (२००१). दोन्हीचं संगीत इळैयराजांचं. वाड्याला रंग देणाऱ्या कंत्राटदाराची भूमिका मल्याळममध्ये जगती श्रीकुमार यांनी केली, तमिळमध्ये वडिवेलूंनी. हाच तो काँट्रॅक्टर नेसमणी, ज्याच्या डोक्यात हातोडा पडला म्हणून २०१९ साली सगळं जग ट्विटरवर प्रार्थना करत होतं. प्रसंग तेच, संगीतकार तोच, नट दोन. दोन्ही लागोपाठ लावा, डोळे मिटा आणि नुसतं ऐका. जगती शब्द गिळतात, वडिवेलू शब्द ताणतात. भाषा एकही कळत नसली तरी चालेल.

नव्या पिढीबद्दल थोडक्यात. शिवकार्तिकेयन दूरचित्रवाणीवरच्या नकलांमधून आले आणि थेट नायक झाले. त्यामुळं तिथं जोडीचा अर्थच बदलला: संगीतकार आता नायकाला गाणी देतो, आणि ती जोडी पोस्टरवर विकली जाते. अनिरुद्धबरोबर 'एदिर नीच्चल' (२०१३, नाव जुनं, सिनेमा नवा), 'मान कराटे', 'रेमो', 'डॉक्टर', 'डॉन', डी. इमानबरोबर 'वरुत्तपडाद वालिबर संगम', 'रजनी मुरुगन' वगैरे. यात मला विनोदाच्या दृष्टीनं फारसं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते 'कोलमावु कोकिला'मधल्या (२०१८) 'कल्याण वयसु'चं. पडद्यावर योगी बाबू, कुरळ्या केसांचा, गोल चेहऱ्याचा, नयनताराच्या मागं लागलेला दुकानदार. शब्द शिवकार्तिकेयनचे, आवाज अनिरुद्धचाच. विनोदी नटाचं गाणं म्हणून मी असतो तर कुठं तरी गमतीदार वाद्य घुसवलंच असतं. अनिरुद्धनं एकही घुसवलं नाही. एखाद्या देखण्या नायकाला द्यावी तशी हळवी चाल दिली आणि तशीच गायली. चाल हसत नाही, म्हणून आपण हसतो, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत त्या बिचाऱ्याचं लग्न व्हावं असं वाटायला लागतं.

विनोदी नट सूरीचंही असंच. 'वेन्निला कबडी कुळु'मध्ये (२००९) पन्नास परोटे खाऊन "मोजणी चुकली, पहिल्यापासून मोजा" म्हणणारा हा माणूस. संगीत कंजिरावादक सेल्वगणेश यांचं. चौदा वर्षांनी 'विडुदलै'मध्ये तो नायक, आणि 'ओन्नोड नडंदा'सारखं द्वंद्वगीत त्याच्या वाट्याला, इळैयराजांचं. चंद्रबाबूला जे १९६० मध्ये मिळालं ते याला २०२३ मध्ये.

त्याच वर्षी 'मामन्नन' आला. वडिवेलू आणि ए. आर. रहमान यांची ओळख जुनी. 'कादलन'च्या (१९९४) 'पेट्टै रॅप'मध्ये प्रभुदेवाबरोबर वडिवेलू उड्या मारताना दिसतात, आवाज मात्र दुसऱ्यांचे. मध्ये एकोणतीस वर्षं गेली. 'मामन्नन'मध्ये वडिवेलू दबलेल्या जातीतला आमदार बाप आहेत, विनोद जवळजवळ नाहीच, आणि रहमाननी 'रासा कण्णु' त्यांच्याच गळ्यातून गाऊन घेतलं. पारंपरिक विलापाच्या अंगानं जाणारी चाल, युगभारतींचे शब्द.

मी ते पहिल्यांदा हेडफोन लावून ऐकलं. इतक्या वर्षांची सवय. पहिली ओळ संपली आणि हात मांडीवर थांबला, वडिवेलूंच्या हशाला जेवढी जागा लागते तेवढी सोडून. ते पुढच्या ओळीवर गेले. दुसऱ्या ओळीलाही हात तसाच थांबला.